तळे म्हणजे पिंप नव्हे

बागेत छोटे तळे करावे, त्यात कुमुदे लावावीत, बेडूक आणि चतुर येऊ द्यावेत, ही हौस आता शहरातल्या सोसायट्यांपासून गावाकडच्या परसापर्यंत वाढते आहे. ती वाढावी असेच मला वाटते. पण तळे झाले की त्याच्या निगेविषयीचे एक ठाम मतही मागोमाग येते. साचलेले पाणी म्हणजे डास, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर तळे पूर्ण उपसावे. गाळ काढून टाकावा, तळ आणि कडा ब्रशने घासाव्यात, ब्लिचिंग पावडर मारावी, नळाचे किंवा टँकरचे पाणी भरावे आणि वर मूठभर गप्पी मासे सोडावेत. पाणी हिरवे झाले तर मोरचूद टाकावे. माळी हे सांगतो, सोसायटीची कमिटी हेच ठरवते आणि शेजारीपाजारीही तोच आग्रह धरतात.

हे मत चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. ज्या डासांच्या भीतीने तळे उपसले जाते त्या डासांनाच उपसा सोयीचा ठरतो, आणि ज्या जीवांसाठी तळे केले ते मात्र त्यात मरतात. पण हे म्हणणे मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी समजून घेतला पाहिजे, कारण तो अज्ञानातून आलेला नाही.

रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी सापडला. त्यानंतर साचलेल्या पाण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली आणि ती बदलणे योग्यच होते. मुंबईतल्या हिवतापाचा शोध घेणारा बेंटली यांचा अहवाल १९११ साली आला. शहरातल्या विहिरी आणि टाक्या हे हिवतापाच्या डासांचे मुख्य ठिकाण असल्याचे त्यातून पुढे आले आणि मुंबईतल्या कितीतरी विहिरी झाकल्या गेल्या, बुजवल्या गेल्या. पुढे डेंग्यू आला. त्याचा वाहक एडिस इजिप्ती हा डास माणसाच्या घराभोवतीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो : पिंप, कूलर, टायर, कुंडीखालची ताटली. त्याची अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात आणि पाणी लागताच फुटतात. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते. पिंप नुसते रिकामे करू नका, घासा, असेही सांगते. हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. डेंग्यूने घरातले माणूस गमावलेल्या कुटुंबासमोर या सल्ल्याची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

दोष सल्ल्यात नाही, तो लावण्याच्या जागेत आहे. पिंपासाठी केलेला नियम तळ्याला लावला जातो. पिंपात पाणी असते, बाकी काही नसते. तिथे डासाच्या अळीला खाणारा कोणी नाही, तिच्या वाटचे अन्न खाणाराही कोणी नाही. बेंटलींच्या काळातल्या विहिरी आणि टाक्याही अशाच होत्या : उभ्या बांधीव भिंती, वनस्पती नाही, उथळ काठ नाही. वसलेल्या तळ्याचे तसे नसते. त्याच्या तळाशी चतुर आणि टाचण्यांच्या अळ्या दबा धरून बसतात. पाठीवर पोहणारे कीटक वरच्या थरात शिकार करतात. पाणभुंगेरे आणि त्यांच्या अळ्या दिसेल ते खातात. पाण्यातल्या एका ढेकूणवर्गीय कीटकाचा नर पाठीवर मादीने चिकटवलेली अंडी घेऊन फिरतो, तोही डासांच्या अळ्यांचा शिकारी. बहुतेक बेडूकमासे शेवाळ खरवडून खातात, पण मोठ्या पिवळ्या बेडकाचे, म्हणजे इंडियन बुलफ्रॉगचे बेडूकमासे मांसाहारी असतात. शिवाय डासांच्या अळ्या जे सूक्ष्म कण गाळून खातात तेच खाणारे डॅफ्नियासारखे इवले कवचधारी जीव पाण्यात असंख्य असतात. अशा पाण्यात डासाच्या अळीला शत्रूही आहेत आणि भागीदारही.

आता उपशाचा हिशेब मांडू. तळे उपसून, घासून, नव्याने भरले की ते काही काळ खरोखरच पिंप होते. रिकाम्या पाण्यावर सगळ्यात आधी पोहोचणाऱ्यांत डासाची मादी असते आणि तिची पिढी दहा दिवसांत उडून जाते. चतुराच्या अळीला वाढायला मात्र कित्येक आठवडे, काही जातींना कित्येक महिने लागतात. पावसाबरोबर झुंडीने येणारा पँटाला फ्लेव्हेसेन्स हा चतुर सगळ्यात घाईचा मानला जातो. हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जाणारा हाच तो प्रवासी. त्याच्या अळीलाही सव्वा ते दोन महिने लागतात. म्हणजे शिकारी परत उभे राहीपर्यंत डासांच्या तीन-चार पिढ्या निघून गेलेल्या असतात. त्यात आपण उपशासाठी मुहूर्त धरतो तो मे अखेरीचा, ऐन डासांच्या हंगामाच्या आणि बेडकांच्या विणीच्या तोंडावरचा. याहून वाईट वेळ वर्षात दुसरी नाही.

हा नुसता तर्क नाही. जोनाथन चेस आणि टिफनी नाइट या अमेरिकी संशोधकांनी २००३ साली ‘इकॉलॉजी लेटर्स’मध्ये पाणथळ जागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तीन प्रकारची ठिकाणे तपासली : कधीच न आटणारी, दरवर्षी आटणारी आणि एरवी टिकणारी पण दुष्काळात आटणारी. डासांचा उद्रेक झाला तो तिसऱ्या प्रकारात, दुष्काळाच्या पुढच्या वर्षी. कारण सरळ होते. कायम पाण्यात शिकारी होते. दरवर्षी आटणाऱ्या डबक्यांत त्या चक्राला सरावलेले, डासांशी अन्नासाठी झगडणारे जीव होते. तिसऱ्या ठिकाणी दोघेही दुष्काळाने मारले आणि पाणी परत आल्यावर डासांना रान मोकळे मिळाले. बागेतले भरलेले तळे आपण मे महिन्यात उपसतो तेव्हा हाच दुष्काळ आपल्या हाताने आणतो.

दुसरा पुरावा डासाच्या मादीच्या निवडीचा. इस्रायलमध्ये लिऑन ब्लाउस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की डासांच्या काही जातींच्या माद्या पाठीवर पोहणाऱ्या शिकारी कीटकांचा रासायनिक माग पाण्यात लागला तर तिथे अंडी घालायचे टाळतात. तिसरा पुरावा आपल्या शेजारचा, म्यानमारमधला. यांगूनमध्ये लोकांच्या सहभागाने घरगुती पाणीसाठ्यांत क्रोकोथेमिस सर्व्हिलिया या चतुराच्या अळ्या सोडल्या गेल्या आणि एडिस इजिप्तीचे प्रमाण घटले. तो प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. हा लालभडक चतुर महाराष्ट्रात कुठल्याही पाण्याच्या काठी दिसतो. त्याला बोलवायला पैसे लागत नाहीत. त्याची अळी वर्षभर जगू दिली की पुरे.

पूर्वपक्षाचे दुसरे म्हणणे गाळाविषयी : गाळ म्हणजे घाण, ती तळाशी ठेवून तळे स्वच्छ कसे राहील? इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. पानांचा भुगा, बारीक माती आणि जिवाणू यांचा पातळ तपकिरी थर हा तळ्याचा जिवंत भाग आहे. चतुराच्या कितीतरी अळ्या त्यात स्वतःला पुरून घेतात. डॅफ्नियाची टणक कवचातली अंडी त्यात वर्षानुवर्षे टिकतात आणि योग्य वेळी फुटतात. दगडांवर आणि प्लॅस्टिकच्या अस्तरावर जो बुळबुळीत लेप चढतो त्यातले जिवाणू कुजण्यातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. तेच नायट्रेट वनस्पती शोषून घेतात. ब्रशने घासून काढतो तो हा लेप. दुसरा प्रकार काळ्या, सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या जाड चिखलाचा. तो प्राणवायू संपल्याची खूण आहे आणि तो कमी केलाच पाहिजे. पण त्याचे मूळ भरमसाट पडलेल्या पानांत आणि माशांना टाकलेल्या खाद्यात असते. मूळ कायम ठेवून दरवर्षी तळ घासला तर पुढच्या वर्षी तोच चिखल पुन्हा तयार. आपल्या उन्हाळ्यात हा धोका अधिक, कारण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. म्हणून पाने आत पडू न देणे आणि तळ्याच्या काही भागावर सावली ठेवणे हे घासण्यापेक्षा कितीतरी मोलाचे.

तिसरे म्हणणे नितळ पाण्याचे. तळ दिसला की पाणी शुद्ध, ही समजूत पिण्याच्या पाण्यावरून आली आहे. क्लोरिनयुक्त नळाचे पाणी अगदी नितळ असते, आणि त्याच क्लोरिनने कातडीतून श्वास घेणारे बेडूक आणि पाण्यातले सूक्ष्म जीव मरतात. उलट पानांच्या अर्काने किंचित चहाच्या रंगाचे झालेले पाणी जीवांनी गजबजलेले असू शकते. पाणी मटारच्या सारासारखे हिरवे होते तेव्हा त्यात पोषकद्रव्ये जास्त झालेली असतात आणि ती खाणाऱ्या एकपेशीय शेवाळाला चरणारे जीव कमी पडलेले असतात. नव्याने भरलेल्या तळ्यात हे हमखास घडते. डॅफ्नियाची संख्या वाढली की बहुतेक वेळा आपोआप निवळते. घाबरून पुन्हा उपसले की घड्याळ पुन्हा शून्यावर. मोरचुदाने शेवाळ मरते खरे, पण मेलेल्या शेवाळातली पोषकद्रव्ये पाण्यातच राहतात, पुढच्या शेवाळाला खाद्य होतात, आणि मोरचुदातले तांबे गोगलगायींना व बेडूकमाशांना विष ठरते.

आता गप्पी माशांकडे वळू. गप्पी दक्षिण अमेरिकेचा, तर त्याच कामासाठी सोडला जाणारा गंबुशिया मासा उत्तर अमेरिकेचा. तो १९२८ साली भारतात आणला गेला. दोन्ही डासनिर्मूलनाच्या खऱ्या तळमळीने आणले गेले, आणि बांधकामावरची टाकी किंवा वापरात नसलेली विहीर अशा निर्जीव पाण्यात त्यांचा उपयोग आजही होतो, हे मान्य केले पाहिजे. पण हे मासे फक्त डासांच्या अळ्या खातात, ही समजूत खोटी आहे. तोंडात मावेल ते खातात : डॅफ्निया, चतुराच्या कोवळ्या अळ्या, बेडकाची अंडी, बेडूकमासे. स्टुअर्ट हर्लबर्ट आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली ‘सायन्स’मध्ये दिलेला प्रयोग या बाबतीत निर्णायक आहे. गंबुशिया सोडलेल्या तळ्यांत कीटक आणि सूक्ष्म कवचधारी जीव जवळपास नाहीसे झाले आणि सूक्ष्म शेवाळाचे प्रमाण प्रचंड वाढून पाणी हिरवे झाले. म्हणजे मासे सोडल्याने पाणी हिरवे, हिरवे म्हणून मोरचूद, मोरचुदाने मेलेले कुजते म्हणून उपसा, आणि उपशाने डास म्हणून पुन्हा मासे. गंबुशिया आज जगातल्या सर्वांत घातक शंभर परकीय आक्रमक जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत जगात इतरत्र न सापडणारे मासे आणि बेडूक आहेत. पावसात भरून वाहणाऱ्या बागेच्या तळ्यातून हे पाहुणे तिथे पोहोचू देणे हा अपराध आहे.

या विवेचनावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा : महाराष्ट्रातली बहुतेक डबकी उन्हाळ्यात आटतातच, मग उपशाने काय बिघडले? फरक वेगाचा आणि अवशेषाचा आहे. डबके आठवड्या-आठवड्याने आटते. भुंगेरे आणि पाठीवर पोहणारे कीटक उडून दुसरे पाणी गाठतात, बेडूक मातीत जातात, अंडी गाळात वाट पाहतात. पहिल्या पावसात सगळे तिथूनच उठते. तुमचे तळे उन्हाळ्यात आपोआप आटत असेल तर त्याला आटू द्या, फक्त तळाची माती तशीच राहू द्या. उपशात मात्र पंप, फावडे आणि ब्लिचिंग मिळून एका दुपारी पळणारे, पुरलेले आणि वाट पाहणारे सगळेच संपवतात.

दुसरा आक्षेप परंपरेचा : आपल्या वाडवडिलांनी तलावांचा गाळ काढला नाही का? काढला, आणि तो शेतात घालून जमीन पिकवली. पण तो तलाव एकरांनी मोजायचा असे, गाळ काढला जाई तो उघडा पडलेल्या भागातून, बैलगाडीने आणि थोडा थोडा. खोल भागातले पाणी, वनस्पती, मासे तसेच राहत. यंत्राने सरसकट खरवडले की काय होते याचा अनुभव पूर्व विदर्भातल्या मामा तलावांनी, म्हणजे माजी मालगुजारी तलावांनी घेतला आहे. तळातल्या देशी वनस्पती गेल्या, बेशरम नावाच्या झुडपाचे रान माजले आणि ढिवर मासेमारांना ओळखीचे देशी मासे मिळेनासे झाले. भंडारा-गोंदिया भागात मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबतच्या ढिवर स्त्री-पुरुषांनी उलटे काम केले. बेशरम उपटली, पाण्यातल्या देशी वनस्पती ओळखून पुन्हा लावल्या, आणि मासे व पक्षी परतू लागले. तलाव नीट करायचा तर त्यातले जीवन पुन्हा लावावे लागते, हे त्यांनी आपल्या कष्टाने सिद्ध केले. इंग्लंडमध्ये जेरेमी बिग्ज आणि सहकारी १९९४ साली तळ्यांच्या व्यवस्थापनाचा फेरविचार मांडताना याच दिशेने गेले होते : गाळ, सावली, आटणे ही तळ्याची दुखणी नसून त्याच्या वेगवेगळ्या अवस्था आहेत आणि प्रत्येक अवस्थेचे स्वतःचे रहिवासी आहेत.

उपसा कधीच करू नये, असे मात्र मी म्हणत नाही. अस्तर फाटून गळती झाली, सांडपाणी किंवा कीटकनाशक पाण्यात गेले, जलपर्णी किंवा परकीय मासे इतर उपायांनी हटेनात, तर उपसावेच लागते. तेव्हा जुने पाणी, थोडा गाळ आणि वनस्पती पिंपात सावलीला झाकून ठेवाव्यात आणि काम झाल्यावर परत सोडाव्यात. आणि ज्यात माती नाही, वनस्पती नाही, असा शोभेचा टब हा पिंपच समजावा. त्याला कोरडा दिवस लागू आहे, ब्रशही लागू आहे.

मग निगा कशी राखावी? मृग नक्षत्रापासून आश्विन महिन्यापर्यंत तळ्यात हात घालू नये. बेडूकमाशांना पाय फुटून ते बाहेर पडेपर्यंत तळे त्यांचे आहे. मोठे काम मार्गशीर्ष-पौषात करावे. वनस्पती फार माजल्या असतील तर एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काढू नयेत. काढलेला पाला काठालाच सावलीत दिवसभर ठेवावा, म्हणजे त्यात अडकलेले जीव सरपटत पाण्यात परततात. गाळ फार साठला तर यंदा अर्ध्या भागातून आणि पुढच्या वर्षी उरलेल्या अर्ध्यातून, तोही घमेल्याने काढावा, तळाशी थर शिल्लक ठेवून. तंतूंचे शेवाळ काठीला गुंडाळून ओढावे. पिंपळ, वड, सावर यांची पानगळ सुरू झाली की वर जाळी लावावी. बागेतल्या खताचे पाणी तळ्यात उतरू देऊ नये. उन्हाळ्यात पातळी घटली तर साठवलेले पावसाचे पाणी घालावे; नळाचेच घालायचे तर ते एक-दोन दिवस उघडे ठेवून, थोडे थोडे. वेखंड, ब्राह्मी, कुमुद, हायड्रिला या देशी वनस्पती पुरेशा आहेत. जलपर्णी दिसताच मुळासकट काढावी. एक काठ उतरता ठेवावा, किंवा दगडांची उतरण करावी, म्हणजे पाण्यात पडलेली खार किंवा सरडा बाहेर येऊ शकेल.

आणि डासांची तपासणी आठवड्याला करावी, यात सवलत नाही. पांढऱ्या वाडग्याने काठचे पाणी चार-पाच ठिकाणी उचलून पाहावे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर वळवळणाऱ्या अळ्या लगेच दिसतात. अळ्या सलग सापडू लागल्या तर बीटीआय वापरावे. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात १९७६ साली सापडलेल्या या जिवाणूचे विष डास आणि त्यांच्या जवळच्या माश्यांच्या अळ्यांवर काम करते. चतुर, बेडूक आणि डॅफ्निया त्यातून वाचतात. पालिकेचे किंवा आरोग्य खात्याचे कर्मचारी आले तर त्यांना अडवू नका. वाडगा त्यांच्या हाती द्या, पाणी दाखवा, तळ्यात काय काय राहते ते सांगा. मग घराभोवतीची ताटली, टायर आणि गच्चीवरची टाकी त्यांच्यासोबत तपासा, कारण तुमच्या घरचा डेंग्यू बहुधा तिथेच आहे.

ज्यांच्या बागेत तळे आहे त्यांना एवढीच विनंती : यंदाच्या मे महिन्यात पंप लावण्याआधी पांढऱ्या वाडग्यात आपल्या तळ्याचे पाणी घेऊन पाहा. त्यात चतुराच्या अळ्या असतील तर पंप परत पाठवा. डासांविरुद्धचे तुमचे काम त्या आधीच करीत आहेत.